ओव्हाळांनी सांगितलेला सिनेमा

सिंगापूरला मी मुलाकडे राहायला गेलो होतो, पण माझ्या हिशेबी ती टेम्पररी ड्यूटीच होती. ठिकाण सेरंगून, हुद्दा आजोबा, काम शून्य. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पहाटे डोळा उघडायचा तो उघडायचाच, आणि तिथं तर सूर्य सात वाजल्याशिवाय उगवत नाही. त्यामुळे अंधारातच दाढी, अंधारातच बूट, आणि इमारतीखालच्या बागेला फेऱ्या. परतताना हॉकर सेंटरमध्ये एक कॉफी. ती इतकी गोड असायची की दाढा ठणकायच्या. सूनबाईनं शिकवलं, "बाबा, 'कोपी ओ कोसोंग' म्हणायचं. साखर घालत नाहीत." नव्या पोस्टवर पासवर्ड पाठ करतात तसं मी ते पाठ केलं. साखर गेली, पण दूधही गेलं. ऑर्डर आपणच दिली होती, म्हणून मुकाट्यानं प्यायलो.

असे दिवस चालले असताना प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा ओव्हाळ ही माझे सेक्शन कमांडर हवालदार यशवंत ओव्हाळ यांची मुलगी. ओव्हाळ शहीद झाले तेव्हा ती बालवाडीत जात होती. आता ती सिंगापुरात संशोधक आहे, पाणी शुद्ध करण्याच्या कुठल्याशा पद्धतीवर काम करते, आणि आईला घेऊन ईस्ट कोस्टला एका काँडोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहते.

"काका, तो सिनेमा सापडला," ती म्हणाली.

"कुठला?"

"बाबांनी तुम्हाला सांगितलेला. आदल्या दिवशीचा."

मी उभा होतो, तो खाली बसलो.

त्या सिनेमाबद्दल मीच तिला पूर्वी सांगितलं होतं. नाव मला कधीच माहीत नव्हतं. लक्षात होतं ते एवढंच : जुना हॉलिवूडचा सिनेमा, काळा-पांढरा, माघार घेणारी एक प्लाटून, चाक निखळलेली घोडागाडी, पूल नसलेली नदी आणि एक थोराड सार्जंट. एवढ्यावरून पोरीनं शोध लावला. आधी तिला कादंबरी सापडली, लायब्ररीत. मग तिच्यावरून केलेला सिनेमा.

"पुस्तक जाडजूड आहे, काका. लिहिणारा स्वतः त्या लढाईत होता. रविवारी दुपारी मी आमच्या काँडोची फंक्शन रूम घेतलीय. तुम्ही याच."

"वहिनींना सांगितलंस, कुठला सिनेमा आहे ते?"

"सांगितलं. ती म्हणाली, भाऊजींना बोलव."

मी 'येतो' म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. का, ते कळायला मागची हकीकत सांगावी लागेल.

आमची कंपनी तेव्हा उत्तरेत होती. कड्याच्या पोटात पोस्ट, खाली नाला, पलीकडे मेंढपाळांच्या रिकाम्या झोपड्या. थंडीत काम ठरलेलं : पहाटे सज्ज होऊन स्टँड टू, हत्यारांची सफाई, सेंट्री, पेट्रोल म्हणजे गस्त, बर्फ उपसणं. उपसलेलं बर्फ दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. दहा माणसांचा आमचा सेक्शन. ओव्हाळ कमांडर, मी नाईक जगताप, त्यांच्या हाताखाली दुसरा.

सिनेमाची पेटी महिन्या-दोन महिन्यांनी वर यायची. प्रोजेक्टर, जनरेटर आणि रिळं. ती लंगरात, म्हणजे आमच्या जेवणाच्या बराकीत, चालायची. खिडक्यांवर ब्लँकेट ठोकायची, भिंतीवर चादर ताणायची, की दिवसाढवळ्या थिएटर तयार. घोळ एकच होता. हिंदी रिळं आमची आणि इंग्रजी रिळं ऑफिसर मेसची, अशी वाटणी असायची. आणि खालचा क्लार्क निम्म्या वेळा पेट्यांची अदलाबदल करायचा. एकदा पेटी वर चढली की बर्फात ती परत कोण नेणार? मग आम्ही इंग्रजी सिनेमे बघायचो. कंपनीत इंग्रजी येणारे एक मेजरसाहेब. बाकी आम्ही सगळे घाटावरचे आणि कोकणातले, 'येस सर' आणि 'नो सर' या दोन वाक्यांवर नोकरी करणारे.

इथं ओव्हाळ उभे राहायचे. भरती होण्याआधी ते नगरच्या कॅम्पातल्या एका थिएटरात डोअरकीपर होते. तिथं इंग्रजी सिनेमे लागायचे. त्यांना इंग्रजी येतं की नाही, हा कंपनीतला कायमचा वादाचा विषय होता. मेजरसाहेब म्हणायचे, "ओव्हाळ, बोला." की ओव्हाळ हातात काठी घेऊन चादरीच्या बाजूला उभे राहायचे आणि सगळी पात्रं एकटेच मराठीत बोलायचे. प्रत्येकाचा आवाज वेगळा. त्यांच्या सिनेमात गोरा कर्नल 'काय रे बाळ्या' म्हणून हाक मारायचा. युरोपातल्या शेतावरची गोरी बाई 'पाटलीणबाई' व्हायची आणि भुकेल्या सैनिकांना पिठलं वाढायची. पडद्यावर दिसायचा पाव, आम्ही मात्र पिठल्याचा वास घ्यायचो. खरं काय नि मनचं काय, हे कोणी विचारत नसे. बाहेर वारा पत्रे उचकटत असायचा आणि आत साठ-सत्तर माणसं तोंड उघडं टाकून ऐकत असायची. मी पुढे मोठमोठी थिएटरं पाहिली. तसा सिनेमा पुन्हा पाहिला नाही.

त्या दुपारी हाच सिनेमा आला. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या सेक्शनला पेट्रोलवर निघायचं होतं, नाल्यापलीकडच्या झोपड्या तपासायला. मेजरसाहेबांनी पेटीवरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा जरा बदलला. "कादंबरी वाचलीय मी ही," ते म्हणाले. "दुसरं काही नाही का?" ऑपरेटर म्हणाला, "नाही, सर." मेजरसाहेबांनी ओव्हाळांकडे पाहिलं. ओव्हाळ म्हणाले, "सर, मी सांभाळतो."

शेवटाकडे नदीचा सीन आला. प्लाटून जखमींना घेऊन नदी ओलांडते. सार्जंट मागे थांबून मशीनगन चालवतो, त्याच्या पायाला गोळी लागते, आणि तो पलीकडच्या काठावरून आपल्या माणसांना ओरडून काहीतरी सांगतो. कॅमेरा अगदी त्याच्या तोंडावर. ओव्हाळांनी सार्जंटचा घोगरा आवाज काढला : "मागं वळू नका रे. तुम्ही पुढं व्हा, मी आलोच!" बराकीत शिट्ट्या पडल्या. मी सहज पाहिलं तर मेजरसाहेब खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, थकले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाला ओलांडून गेलो. झोपड्या रिकाम्या होत्या. परत नाल्यापाशी आलो तेव्हा धुकं उतरलं होतं आणि वरच्या उतारावरून फायर आला. पहिल्याच झटक्यात दोघं पडले. सावंतच्या मांडीत गोळी गेली, एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालवणाऱ्या कदमच्या पोटात. ओव्हाळांनी कदमची एलएमजी ओढून घेतली आणि एका धोंड्यामागे गेले.

"जगताप, दोघांना घे आणि क्रॉस कर."

"तुम्ही?"

"पलीकडनं फायर दे. मग मी येतो. चल."

मी वायरलेस सेटवर बोललो, "अल्फा वन टू अल्फा. काँटॅक्ट. दोन कॅज्युअल्टी. नाला क्रॉस करतोय. ओव्हर."

"अल्फा. रॉजर. क्यूआरटी निघाली. जखमींना वर आणा. आउट."

पाणी कमरेपर्यंत होतं आणि त्यात बर्फ वाहत होतं. पलीकडे पोचलो, फायर दिला. ओव्हाळ उठले आणि दोन पावलांतच बसले. कमरेत लागली होती. ते कोपरावर सरपटत पुन्हा धोंड्याआड गेले. मी परत पाण्यात उतरलो. त्यांनी मला पाहिलं, हात झटकला आणि ओरडले, "तुम्ही पुढं व्हा, मी आलोच!"

आवाज त्यांचा नव्हता. काल लंगरात काढलेला तो सार्जंटचा घोगरा आवाज होता. काठावर पोरांच्या खांद्यावर असलेला सावंत तशा वेदनेतही हसला. त्या आवाजानं आमचा विश्वास बसला, एवढंच मी सांगू शकतो. ऑर्डर स्पष्ट होती, दोन माणसं मरायला टेकली होती. आम्ही चढलो. एलएमजी बराच वेळ ऐकू येत होती. क्यूआरटी, मदतीला निघालेली तुकडी, आम्हाला अर्ध्यावर भेटली आणि खाली धावली, तेव्हा एलएमजी बंद झाली होती. ओव्हाळ धोंड्यामागे होते. मॅगझिनं रिकामी होती.

सावंत आणि कदम दोघंही वाचले. आणखी उशीर झाला असता तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले. सावंतचं आज चिपळूणला रसवंतीगृह आहे.

मी पार्थिवाबरोबर नगरला गेलो. तेराव्याचं वगैरे त्यांच्यात नसतं; भंते आले, वंदना झाली, लोक पांगले. मग वहिनींनी मला आत बोलावून एकच विचारलं.

"त्यांनी हाक मारली का?"

मी घडलं तसं सांगितलं. हाक मारली नाही, उलट आम्हाला पुढं व्हा म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"भाऊजी, बोटात काटा गेला तरी गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडणारा माणूस तो. ताप आला की आईला हाका मारायचा, आई जाऊन दहा वर्षं झालेली. आणि तुम्ही मला सांगताय, तिथं एकटा पडला नि हाक मारली नाही?"

"नाही मारली, वहिनी."

"असंच सांगायचं असतं तुम्हाला. सांगा. मी काय बोलणार."

त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. मी दर वर्षी जायचो, त्या चहा द्यायच्या, माझ्या घरच्यांची चौकशी करायच्या. पण त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. नवऱ्यानं हाका मारल्या, आणि आम्ही नऊजण त्या ऐकत चढून गेलो. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्या दोष देत नव्हत्या, फक्त मानत नव्हत्या. आणि माझ्याकडे पुरावा काही नव्हता.

तर त्या रविवारी मी सेरंगूनहून निघालो. नातीला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "ब्लॅक अँड व्हाइट? सो बोरिंग लाह, आजोबा." मी एकटाच एमआरटीनं गेलो आणि पुढे बस घेतली.

काँडोच्या दारात वहिनी उभ्या होत्या. सुती साडी आणि पायात मुलीनं घेतलेले पांढरे बूट. रोज सकाळी त्या समुद्राकाठच्या बागेत शेजारच्या चिनी आजींबरोबर चालायला जातात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. "भांडण होत नाही मग," असं त्या म्हणाल्या.

फंक्शन रूम तळमजल्यावर, स्विमिंग पूलला लागून. काचेबाहेर पोरं पाण्यात उड्या मारत होती. आत एसी इतका कडक की मला पोस्टची आठवण झाली. प्रज्ञानं पडदे ओढले, थर्मासमधून चहा ओतला, प्रोजेक्टर भिंतीवर लावला. आम्ही तिघंच होतो. वहिनी मध्ये, मी त्यांच्या उजवीकडे. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. मला आता इंग्रजी वाचता येतं; बोलताना तारांबळ होते, ते सोडा. वहिनींना मराठीच वाचता येतं.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत मी थक्क झालो. पोस्टवर मी ओव्हाळांना ऐकलं होतं, सिनेमा पाहिलाच नव्हता. दमलेला सैनिक रायफल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेताना आधी मान वाकडी करतो. इथं तो करत होता. थंडगार पाण्यात उतरण्याआधी माणूस उगाच बोटं बुडवून बघतो. गार आहे हे ठाऊक असतं, उतरायचं आहे हेही ठाऊक असतं, तरी बघतो. इथं एक पोरसवदा शिपाई ते करत होता. हे कोणाला खुर्चीत बसून सुचत नाही. कुठल्या मुलखातला तो लेखक, कुठली ती लढाई, आणि कुठं हॉलिवूडमधल्या दिव्यांखाली उभे केलेले नट! आणि तरी माझ्या पायांतला शीण त्यांना नेमका माहीत होता. मी आयुष्यात सिनेमाला 'करमणूक' म्हणत आलो. त्या दुपारी मला तसं म्हणायची लाज वाटली.

आणि दुसरीकडे हसूही येत होतं. कारण खालची अक्षरं वाचताना कळत होतं की ओव्हाळांनी आम्हाला चक्क वेगळाच सिनेमा दाखवला होता. शेतावरची बाई जेवण वाढत नव्हती, ती सैनिकांना शिव्या देत होती. बाळ्या म्हणून हाक मारणारा कर्नल कोर्ट मार्शलची धमकी देत होता. मी मनात म्हटलं, हवालदारसाहेब, शेवटी इंग्रजी येतच नव्हतं की तुम्हाला. कंपनीतला वाद मिटला.

घोडागाडीचं चाक निखळलं तेव्हा वहिनी पुढे सरकून बसल्या.

मग नदी आली. प्लाटून पाण्यात. मशीनगन. सार्जंट उठतो, पडतो, सरपटतो. कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला आणि तो ओरडायला लागला. मी खालची अक्षरं वाचली. पुन्हा वाचली, कारण तो तेच पुन्हा ओरडत होता.

वहिनींनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

प्रज्ञा पटकन म्हणाली, "म्हणतोय, जखमींना नीट सांभाळून न्या."

"तुला नाही विचारलं. भाऊजी, तुम्ही सांगा."

प्रज्ञानं आईच्या मागून माझ्याकडे पाहून मान हलवली : नको. माझ्या तोंडात सोपं उत्तर तयार होतं. तिनं ते आयतं दिलंच होतं. वहिनींचं वय सत्तरीला आलेलं, जी गोष्ट त्या इतकी वर्षं मनात धरून होत्या तीच भिंतीवर मोठी होऊन ओरडत होती. कोण सांगेल? पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या, नगरच्या त्या खोलीत पाहिलं होतं तशाच. त्या नजरेला मी एकदा खरं सांगितलं होतं. आता दुसरं काही सांगणं जमेना.

"म्हणतोय, मला सोडून जाऊ नका," मी म्हणालो. "तेच तेच म्हणतोय. आईला हाक मारतोय."

"थांबव गं," वहिनी म्हणाल्या. प्रज्ञानं सिनेमा थांबवला. सार्जंटचं तोंड भिंतीवर उघडंच राहिलं.

"मी बघितलाय हा सिनेमा," वहिनी म्हणाल्या.

"कधी?" प्रज्ञानं विचारलं.

"लग्न झालं त्या वर्षी. तुझे बाबा थिएटरात होते. मला दाराजवळ स्टुलावर बसवायचे. नाव-गाव मला काय कळतंय, पण चाक निखळलं नि ओळखलं मी. हा सिनेमा आठवडाभर होता. ह्या नदीच्या सीनला मी विचारलं होतं, काय म्हणतोय ओ हा? ते म्हणाले, मला सोडून जाऊ नका म्हणतोय. असं म्हणाले नि स्वतःच रडायला लागले. दुसऱ्या दिवशी परत. आठवडाभर, रोज. लोकांची तिकिटं फाडायची सोडून डोअरकीपर रडतोय. मॅनेजरनं झापलं होतं त्यांना."

त्या हसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मला बघायचं होतं, तुम्ही काय सांगता. आज तुम्ही गोड करून सांगितलं असतं ना भाऊजी, तर मी समजले असते, तेव्हाचंही गोड करूनच सांगितलं. मग पुन्हा तुम्हाला चहासुद्धा विचारला नसता मी."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आता हे सांगा," वहिनी म्हणाल्या, "इथं त्यांनी तुम्हा पोरांना काय सांगितलं होतं?"

"मागं वळू नका. तुम्ही पुढं व्हा, मी आलोच."

"असं म्हणाले?"

"हो. सार्जंटच्या आवाजात."

"माहीत असून?"

"माहीत असून," मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला स्वतःला पहिल्यांदा कळलं. मेजरसाहेबांनी कादंबरी वाचली होती. सार्जंट काय ओरडतोय ते त्यांनी ऐकलं होतं, ओव्हाळ काय सांगताहेत तेही ऐकलं होतं, आणि पहाटे पेट्रोलवर जाणारी आम्ही पोरं पुढ्यात बसलो होतो. म्हणून ते बूट बघत होते. आणि ओव्हाळांना इंग्रजी येत नव्हतं, हा माझा मघाचा निकाल साफ चुकीचा होता. त्या नदीकाठी माणसाच्या तोंडी कोणते शब्द येतात, हे आमच्या सेक्शनमध्ये फक्त त्यांना माहीत होतं. ते त्यांनी आठवडाभर ऐकलं होतं, रडून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्याच जागी पडले. हाका मारणारा माणूस होता, वहिनी खोटं सांगत नव्हत्या. ते शब्द त्यांच्या घशाशी आलेच असणार. त्यांनी ते गिळले आणि आम्हाला दुसरे दिले. मी शौर्यपदकं वाटताना पाहिली आहेत, मोठमोठ्या माणसांना सॅल्यूट ठोकले आहेत. त्या थंड खोलीत, भिंतीवरच्या त्या उघड्या तोंडासमोर, मला आमचा हवालदार किती उंचीचा होता ते दिसलं.

बाहेर पूलमध्ये कोणीतरी उडी मारली, पोरं किंचाळली.

"म्हणजे हाक मारली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, वहिनी."

"पटलं," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले. मग मुलीला म्हणाल्या, "तू रडू नकोस. लाव पुढचं. त्या वेळी शेवट मी बघितलाच नव्हता, ह्यांना गप्प करण्यातच गेला."

प्रज्ञानं सिनेमा सुरू केला. मशीनगन बंद पडते. पलीकडचा काठ दिसत नाही. मग शेवटचा सीन येतो : ओला रस्ता, आणि उरलेली प्लाटून पाठमोरी चालत जाते. संगीत नाही, फक्त बुटांचा आवाज. खाली अक्षरं नव्हती, कारण कोणी काही बोलतच नव्हतं.

"इथं काय सांगितलं त्यांनी?" वहिनींनी विचारलं.

"इथं त्यांनी काठी उचलली," मी म्हणालो, "आणि रांगेतल्या शेवटच्या माणसावर ठेवली. म्हणाले, हा बघा, आला. कंपनीनं टाळ्या वाजवल्या. मग आम्ही तिथंच जेवायला बसलो."

वहिनी उठल्या. खुर्चीला धरून, मग न धरता, भिंतीजवळ गेल्या. त्यांची सावली रस्त्यावर पडली, तशा त्या जरा बाजूला झाल्या, बरोबर जिथं ओव्हाळ उभे राहायचे तिथं. रांगेतला शेवटचा शिपाई किंचित लंगडत चालला होता. वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो लहान होत दिसेनासा होईपर्यंत काढला नाही. मी सावधान उभा होतो.